दिव्याच्या तेलाची तरतूद

नेवाशास प्रवरेच्या तीरी ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, भावार्थदीपिका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली असे परंपरा मानते, त्या खांबाला लोक 'पैस' म्हणतात. पैस म्हणजे विस्तार, मोकळीक, हातपाय पसरता येतील एवढी जागा. हा शब्द दुर्गाबाई भागवतांना इतका भावला की आपल्या एका लेखसंग्रहालाच त्यांनी तो बहाल केला. सांगणारा मुलगा त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा होता, संन्याशाचे पोर म्हणून धर्मपीठाने त्याला पंक्तीबाहेर ठेवले होते, आणि त्याचा गुरू कोणी मोठा पीठाधीश नसून त्याचाच थोरला भाऊ होता, या गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे मनात एक प्रश्न उभा राहतो. लोकोत्तर पुरुषांचे राहू द्या. पण ज्या मुलाची बुद्धी त्याच्या वयाच्या आणि इयत्तेच्या पुढे धावते, त्याला त्याच्या गावच्या शाळेत, त्याच्या सवंगड्यांमध्येच, असा पैस मिळण्याची काही सोय आपण केली आहे काय?

कागदोपत्री आता अहिल्यानगर झालेला, पण बोलण्यात अद्यापि 'नगर' असलेला हा जिल्हा या प्रश्नाच्या विचारासाठी सोयीचा आहे. सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला, चौदा तालुक्यांचा आणि 2011च्या जनगणनेनुसार 45 लाखांहून अधिक वस्तीचा हा मुलूख एकरंगी नाही. राहाता-श्रीरामपूरकडे कालव्याचे पाणी आणि साखर कारखाने, पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडे दुष्काळ आणि ऊसतोडीचे स्थलांतर, तर अकोले तालुक्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या. बुद्धी या तिन्ही ठिकाणी जन्माला येते; मात्र तिला मिळणारी वागणूक एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी असते.

'समावेशक शिक्षण' हा शब्द कानी पडला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला उतार, ब्रेलमधील पुस्तक किंवा मतिमंद म्हणून पूर्वी घरी बसवून ठेवलेले मूल येते. हे चित्र खोटे नाही आणि त्यामागची चळवळ तर परम आदरणीय आहे. परंतु ते अपुरे आहे. 1994 साली स्पेनमधील सालामांका या विद्यानगरीत 92 देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि समावेशक शाळेची जी सनद त्यांनी मान्य केली, तिच्यात शाळेने सामावून घ्यावयाच्या मुलांची यादी करताना दिव्यांग मुलांच्या जोडीला, त्याच वाक्यात, असामान्य बुद्धीची मुले घातली, आणि लगोलग रस्त्यावरची, कष्ट करणारी, दुर्गम भागातील आणि भटक्या समाजातील मुलेही घातली. सामान्य वर्गाच्या सामान्य चालीशी ज्याची चाल जुळत नाही, त्या प्रत्येक मुलासाठी शाळेने आपली चाल बदलावी, मुलाला बाहेर काढू नये, हे त्या सनदेचे सार होय.

आपल्याकडील कायद्यांनी यातील अर्धी बाजू उचलली. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात बसण्याचा अधिकार दिला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद करून त्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. वेगाने शिकणाऱ्या मुलाचा उल्लेख मात्र या दोन्ही कायद्यांच्या चौकटीबाहेर राहिला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी काही परिच्छेद खर्ची घातले, शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला स्थान द्यावे असे सुचविले, विषयवार मंडळे काढण्याची शिफारस केली; पण धोरणातील शिफारस आणि वस्तीशाळेतील फळा यांच्यामध्ये बऱ्याच कचेऱ्यांचे उंबरे असतात.

हुशार मुलाची निराळी सोय लावण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे नव्हे. ते झाले, निष्ठेने झाले, आणि त्यांतील बहुतेकांचा मार्ग एकच होता: निवडावे आणि बाहेर न्यावे. पुण्यास 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि पुढे 1969 मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला सुरू केली, तिच्यामागे बुद्धीचे ऋण समाजाला फेडावे ही उदात्त प्रेरणा होती. राज्य शासनाने त्याच दशकात ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी निवासी विद्यानिकेतने काढली. 1985-86 मध्ये नवोदय विद्यालयांची कल्पना प्रत्यक्षात आली, तेव्हा देशातील पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीस उघडले. नगर जिल्ह्याचे नवोदय पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे आहे. पाचवीच्या मुलांची परीक्षा घेऊन सहावीत फार तर 80 मुले घ्यावयाची, त्यांतील किमान पाऊण हिस्सा ग्रामीण भागातील, तिसरा हिस्सा मुलींचा, आणि बारावीपर्यंत राहणे, जेवण व शिक्षण सरकारी खर्चाने. ज्या घरात वीजबिलाखेरीज छापील कागद येत नसे अशा घरांतील मुले या वाटेने कोठल्या कोठे गेली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु हिशेब मांडून पाहावा. 45 लाखांच्या जिल्ह्यात एका वयाची मुले कित्येक हजार. त्यांतून 80 गेली. उरलेल्यांत एक्क्याऐंशीवे मूल आहे आणि आठशेवेही आहे. त्यांची बुद्धी त्या एका दुपारच्या परीक्षेने नाहीशी झालेली नाही. शिवाय जे मूल दहाव्या वर्षी घर सोडून जाणार आहे, त्याची पहिलीपासून पाचवीपर्यंतची, म्हणजे घडण्याची ऐन वर्षे गावच्याच शाळेत जातात. निवडीची चाळणी कितीही बारीक केली, तरी चाळणीखाली राहिलेल्या धान्याचे काय, हा प्रश्न सुटत नाही.

चाळणीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने 1921 पासून बुद्धिगुणांकाच्या आधारे कॅलिफोर्नियातील दीड हजारांहून अधिक असामान्य मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. त्या निवडीत ज्यांची चाचणी झाली पण गुण कमी भरल्याने ज्यांना वगळले गेले, अशांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ ही दोन मुले होती. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही. जोसेफ रेन्झुली यांनी 1978 मध्ये या विषयाला निराळे वळण दिले. प्रतिभा म्हणजे केवळ चाचणीतील उच्च गुण नव्हे. सरासरीहून बरी क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, ही तीन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात तेथे ती प्रकट होते, असे त्यांनी मांडले. यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की, प्रतिभा हा मुलाच्या कपाळी मारलेला शिक्का नसून, योग्य काम हाती आले असता दिसून येणारे वर्तन आहे. आणि ते काम देण्याची जागा म्हणजे रोजचा वर्ग.

तो रोजचा वर्ग कसा असतो ते पाहू. पाथर्डीच्या बाजूची एखादी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. एका खोलीत तिसरी-चौथी, दुसरीत पहिली-दुसरी; खिडकीत पाण्याचा माठ, भिंतीवर गुणाकाराचे तक्ते. गुरुजी फळ्यावर भागाकाराची सहा उदाहरणे लिहीत आहेत आणि सहाव्याचा खडू खाली ठेवण्यापूर्वीच मागच्या ओळीतील एक मुलगी म्हणते, "गुरुजी, झालं माझं." गुरुजी, ज्यांना आज पोषण आहाराची नोंद करावयाची आहे, कुठलीशी माहिती मोबाईलवर भरून पाठवावयाची आहे आणि चौघा मुलांना अजून वजाबाकीतील हातचा समजलेला नाही, ते म्हणतात, "मग बाकीच्यांच्या वह्या तपास." ती तपासते. उद्याही तपासते. महिन्याभराने ती वह्या तपासण्यात चुका करू लागते, शेजारणीशी बोलू लागते, खिडकीबाहेर पाहू लागते, आणि पालकसभेत तिच्या आईला सांगितले जाते की मुलगी हुशार आहे, पण आगाऊ आहे.

'आगाऊ' हा शब्द आपल्या भाषेत मोठा अर्थपूर्ण आहे. आगाऊ रक्कम म्हणजे वेळेपूर्वी दिलेली रक्कम. आगाऊ मूल म्हणजे वेळेपूर्वी पोचलेले मूल. पहिल्याचे आपण स्वागत करतो, दुसऱ्याला गप्प बसवतो. वर्गातील असे मूल अनेकदा पहिल्या क्रमांकाचे नसतेही. ते उत्तर लिहिते पण रीत लिहीत नाही, एका विषयात बुडून दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि बाईंनी सांगितलेली गोष्ट खरी कशावरून असे विचारते. आपला हुशारीचा मापदंड नीटनेटके अक्षर आणि पाठांतर यांच्याशी इतका जखडलेला आहे, की आज्ञाधारक मूल आणि प्रज्ञावान मूल यांतील भेद ओळखण्यास शिक्षकाला मुद्दाम शिकवावे लागते.

आता त्याच वर्गात, त्याच भागाकाराच्या तासाला, दुसरी रीत चालू आहे अशी कल्पना करू. घटक सुरू करण्यापूर्वी गुरुजींनी पाच उदाहरणांची छोटी पूर्वचाचणी घेतली. त्या मुलीची पाचही बरोबर आली. ज्याला जे येते ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेऊ नये, हा या पद्धतीचा पहिला नियम. तिच्या वाटची सहा उदाहरणे गाळून गुरुजींनी तिला एका चिठ्ठीवर एकच प्रश्न दिला: उसाची एक मोळी 12 किलोची धरली, तर एक टन भरण्यास किती मोळ्या लागतील? तिचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन फडावर जातात. टन, मोळी, मुकादम, उचल हे शब्द तिच्या घरात पाढ्यांआधी आलेले आहेत. तिने भाग दिला. 83 मोळ्या झाल्या, 4 किलो उरले. पुस्तकातला भागाकार येथे संपतो. तिचा येथे सुरू झाला. "गुरुजी, चार किलोसाठी अजून एक मोळी बांधावी लागंल. म्हंजी चौऱ्याऐंशी." थोड्या वेळाने पुन्हा, "पण काट्यावर मोळ्या कुठं मोजत्यात? गाडी मोजत्यात. मोळी बाराचीच कशावरून?"

हा प्रश्न ज्या शिक्षकाला उद्धटपणाचा वाटेल त्याच्याजवळ ही मुलगी पुन्हा तोंड उघडणार नाही, ज्याला तो आनंदाचा वाटेल, तो तिला म्हणेल, "मग कशी काढायची मोळी किती किलोची ते?" दहा मोळ्या तोलून बघाव्या, हे तिचे तिलाच सुचेल. चौथीच्या वर्गात सरासरी ही संकल्पना अशा रीतीने न बोलावता येऊन उभी राहते. विषय सर्वांचा एकच होता, भागाकार, वर्गही एकच, गुरुजींचा जास्तीचा खर्च एक चिठ्ठी आणि दोन प्रश्न एवढाच. आणि दुसऱ्या दिवशी मोळ्यांचा हा तिढा फळ्यावर आला, तर कालपर्यंत भागाकाराला भिणारा, पण फडावर मोळ्या वाहिलेला एखादा मुलगा या चर्चेत सर्वांच्या पुढे असेल, हेही अशक्य नाही. एकासाठी केलेली सोय अनेकांच्या उपयोगी पडते, असा अनुभव चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणाऱ्यांनाही आलेलाच आहे.

वस्तीशाळेची जी उणीव म्हणून सांगितली जाते, ती बहुवर्ग पद्धती, या बाबतीत एक बलस्थान आहे. दोन इयत्ता एका खोलीत बसतात तेव्हा तिसरीतील मुलाच्या कानावर चौथीचा पाठ पडतोच. त्याला त्या विषयापुरते चौथीच्या रांगेत सरकवण्यास ना दाखला लागतो, ना वरिष्ठांची मंजुरी. पूर्वी हुशार मुलाला एकदम वरच्या वर्गात चढवण्याचा शिरस्ता होता आणि त्यात पुष्कळ मुले वयाने मोठ्यांमध्ये एकाकी पडत. वयाने सवंगड्यांबरोबर आणि एखाद्या विषयात पुढच्यांबरोबर बसण्याची मुभा शहरातील एकवर्गी शाळेपेक्षा आडरानातील या खोलीत अधिक सहज मिळते. मात्र बाकीच्यांना शिकवणे हेच हुशार मुलाचे कायमचे काम होऊन बसू नये. समजावून सांगण्याने समज पक्की होते हे खरे, तरी विनावेतन उपशिक्षक होण्यासाठी ते मूल शाळेत आलेले नसते.

काही मुलांच्या बाबतीत गाठ आणखी घट्ट असते. ज्याला वाचताना अक्षरे उलटसुलट दिसतात पण तोंडी गणिते झरझर सुटतात, अशा मुलाची प्रतिभा त्याच्या अक्षमतेला झाकते आणि अक्षमता प्रतिभेला. परिणामी ते मध्यम समजले जाते. त्याला ना विशेष शिक्षकाचे साहाय्य मिळते, ना पुढचे काम. अकोल्याच्या वाड्यांमधील मुलांचे आणखी निराळे. त्यांची बोली एक, प्रश्नपत्रिकेची भाषा दुसरी. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी न चढता शेकडो गावरान वाणांची पारख, जतन आणि वर्गवारी करीत राहिल्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. निरीक्षण, वर्गीकरण आणि चिकाटी हे शास्त्रज्ञाचे तिन्ही गुण त्यांच्या ठायी होते. त्यांची मोजदाद करणारी परीक्षा मात्र कोठल्याही शाळेत नव्हती.

परीक्षांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या लाडक्या शिष्यवृत्तीचाही विचार व्हावा. कधी चौथी-सातवीला, कधी पाचवी-आठवीला घेतली जाणारी ही परीक्षा आणि आठवीतील आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती, जिच्यातून नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात, यांनी खेड्यापाड्यांतील घरांना आधार आणि मान दिला आहे. पहाटे कंदिलाच्या, पुढे विजेच्या उजेडात जादा तास घेणारे गुरुजी ही या भागातील एक वंदनीय परंपरा आहे. परंतु जादा तासांत होतो तो प्रामुख्याने सराव. चार पर्यायांतून एक निवडण्याची चपळाई वाढते, पाचवा पर्याय सुचवण्याची खोड मोडते. गुणवत्ता यादीत शाळेचे नाव येणे ही मुलाची गरज नव्हे, ती शाळेची आहे.

मग मुलाची गरज कोणती? नगर शहराच्याच इतिहासातील एक उदाहरण याचे उत्तर देते. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पदवी आणि टाळ्या तेथेच संपल्या असत्या. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणून ठेवले. तेथे त्याला मिळाले काय? मोठा आश्रयदाता नव्हे, टिळकांचे घर गरिबीचेच होते. मिळाला तो दुसऱ्या कवीचा सहवास, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हातचे अन्न, आणि आपण वेडे नाही असे वाटण्याजोगी जागा. आपल्यासारखे कोणी आहे, आपले म्हणणे समजणारे कोणी आहे, ही खात्री प्रज्ञावान मुलाला बक्षिसापेक्षा अधिक लागते.

हीच गोष्ट शासकीय भाषेत सांगावयाची तर तरतूद अगदी लहान आहे. आसपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र असते, केंद्रप्रमुख असतो, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. महिन्यातून एक शनिवार त्या केंद्रातील निरनिराळ्या शाळांची पाच-दहा चौकस मुले एकत्र बसली, गावातील पशुवैद्य, सुतार, साखर कारखान्यातील रसायनतज्ज्ञ किंवा निवृत्त तलाठी यांपैकी कोणी त्यांच्या प्रश्नांपुढे तासभर बसला, तर त्यासाठी नव्या इमारतीची आवश्यकता नाही. संगमनेरला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. पूर्वचाचणी कशी घ्यावी, एकाच पाठाचे तीन पातळ्यांचे प्रश्न कसे काढावे, याचे प्रशिक्षण तिच्या आवाक्यात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबरोबर शिक्षण हमी पत्रक दिले जाते. त्यावर मूल कोठवर शिकले या नोंदीखाली 'याला पुढे काय द्यावे' अशी एक ओळ शिक्षकाने लिहावी. कारण हंगामी वसतिगृहात वा आजीजवळ मागे राहिलेल्या मुलाचे एक ठीक, पण आईबापांबरोबर फडावरच्या कोपीवर गेलेले मूल नव्या शाळेत गेले की त्याची ओळख नव्याने सुरू होते, आणि ती बहुधा मागच्या बाकावरून सुरू होते.

हुशार मुले काय, ती कशीही शिकतात, असा एक आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. ती कशीही शिकत नाहीत. ती कशीही उत्तीर्ण होतात, एवढेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या वर्गात निम्म्यांना धड वाचता येत नाही तेथे पुढे गेलेल्याकडे पाहण्यास शिक्षकाला सवड कोठून? हा प्रश्न कामांनी वाकलेल्या शिक्षकाच्या तोंडी आला तर त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याला एवढेच सांगता येईल की, वजाबाकीत अडलेला मुलगा आणि भागाकाराच्या पुढे गेलेली मुलगी या दोघांचे दुखणे एकच आहे: धडा त्यांच्यासाठी नसून मधल्या कोणा काल्पनिक मुलासाठी लिहिलेला आहे. एकाकडे पाहण्याची सवय लागली की नजर दुसऱ्याकडेही वळते.

नेवाशाच्या त्या खांबावर एक जुना शिलालेख कोरलेला आहे. ग्रंथाचा मान मोठा असल्याने त्याकडे भाविकांचे लक्ष क्वचितच जाते. त्यात ज्ञानाची थोरवी नाही, कोणाची स्तुती नाही. करवीरेश्वराच्या देवळातील दिव्याला तेल मिळत राहावे म्हणून कोणी एकाने दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दान देणाऱ्याला तेथे कोण येऊन टेकणार आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने तेलाची व्यवस्था केली, एवढेच.